छापखान्याच्या गल्लीची चिठ्ठी

८ जानेवारी, सोमवार

लेक फोनवर म्हणाली, "आई, रोज तेच गाऱ्हाणं तू मला घोळून घोळून सांगतेस आणि इकडे माझी भाजी करपते. लिहून काढत जा ना." म्हणून ही वही आणली. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर कपड्यांची मापं सोडून काही लिहिलं नाही. अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं येतं. येऊ दे. कुणाला दाखवायचंय.

आज बाजारात दवाखान्याची गाडी आली. आमचा बाजार म्हणजे पत्र्याखाली समोरासमोर दोन रांगा. मी बटणं-दोरे विकते, चेन बदलून देते, उसवलेलं शिवते. शेजारी आमचे हे चाव्या करतात. पलीकडे अंडीवाली, समोर न्हावी. गाडीतून एक डॉक्टरीण उतरली. काडीसारखी पोर, शाळेत निघाल्यासारखी दोन्ही खांद्यांत बॅग अडकवलेली. अंडीवालीच्या रिकाम्या खोक्यावर चढली आणि टीबीवर भाषण सुरू केलं. ऐन गर्दीत. गिऱ्हाईक तिला वळसा घालून जात होतं आणि ती आपली बोलतेय. तिचा माणूस माझ्या खांबाला पोस्टर चिकटवायला लागला. पोस्टरवर छाती धरून खोकणारा म्हातारा, रक्ताचे थेंब वगैरे.

मी म्हटलं, "अहो बाई, एक तर ही धंद्याची वेळ. दुसरं म्हणजे हा म्हातारा माझ्या खांबावर खोकत बसला तर इकडे कोण फिरकेल? न्या तो."

न्हावी म्हणाला, "माझ्याकडे लावा, निदान त्याचे केस तरी कापतो."

मला वाटलं, डॉक्टरीण चिडेल. ती खोक्यावरून उतरली आणि विचारलं, "मग कधी येऊ?"

"दुपारी जेवणानंतर. तेव्हा आम्ही माश्याच मारतो."

खरंच दुपारी परत आली. म्हणाली, आम्ही इथल्या गल्ल्यांत संशोधन करणार आहोत, लोकांचं एक मंडळ हवंय, आमचं काय चुकतं ते तोंडावर सांगणारं. तुम्ही याल का?

मी म्हटलं, तोंडावर सांगायला मंडळ कशाला लागतं. पण येते म्हटलं.

१२ जानेवारी, शुक्रवार

मंडळाची पहिली बैठक न्हाव्याच्या दुकानात झाली. डॉक्टरीण फिरत्या खुर्चीत बसली. बोलता बोलता खुर्ची आपोआप आरशाकडे वळायची, मग ती आरशातल्या आम्हालाच समजावायची.

मला कळलं ते असं. टीबी खोकला यायच्या आधीपासून छातीत बसलेला असतो, माणसाला पत्ता नसतो. म्हणून छातीचा फोटो काढायचं मशीन दारोदार फिरवायचं, चांगल्या धडधाकट माणसाचाही फोटो काढायचा. असं केल्याने गल्लीतला रोग खरंच कमी होतो का, हे बघायचं. गल्ल्या आठ. चार गल्ल्यांत मशीन यंदा जाणार, चार गल्ल्यांत पुढच्या वर्षी. मग दोन्ही ताडून बघायचं.

"आणि पुढच्या वर्षीवाल्यांनी काय तोवर खोकत बसायचं?" मी विचारलं.

"नाही हो. दवाखाना सगळ्यांना उघडा आहे. तपासणी फुकट, औषध फुकट. फक्त मशीन त्यांच्या दारात येणार नाही. त्यांनी आपल्या पायांनी यायचं."

कुठल्या चार, हे कोण ठरवणार? तर कुणीच नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, सगळ्यांच्या देखत.

"मग माणूस शोधायला नको," न्हावी म्हणाला. "आमच्या बाजारात चिठ्ठ्या हीच काढते."

ते खरं आहे. बाजारात दरवाजाजवळची जागा सगळ्यांना हवी, गटाराजवळची कुणालाच नको. म्हणून अधूनमधून चिठ्ठ्या टाकून जागा बदलतो. डबा माझ्याकडे असतो, कारण माझ्याशी भांडायची कुणाची छाती नाही.

१६ जानेवारी, मंगळवार

आज जाऊ आली होती. माझ्याकडे नव्हे, अंडीवालीकडे. माझी थोरली जाऊ. दीर गेले, मुलगा लांब नोकरीला, ही छापखान्याच्या गल्लीत एकटी राहते. रद्दीच्या पिशव्या चिकटवते आणि मंगळवारी गठ्ठा घेऊन बाजारात येते. वर्षानुवर्षं आम्ही दोघी एका चुलीवर राबलो. आता बोलत नाही. वेगळे झालो तेव्हा मी भांडी चार लोकांत मोजून घेतली, एवढंच. मोजायला नकोत? तिला ते झोंबलं.

आज खांबाला धरून खोकत होती. बराच वेळ. ब्लाउजची बाही दंडावर नुसती झुलत होती, एक टीप मारली असती तरी अंगाशी बसली असती. अंडीवालीने चहा पुढे केला तर बाईने पिशवीतून स्वतःचा पेला काढला आणि त्यात ओतून घेतला. इतका ताठा. मी समोरून गेले तशी पदर नाकातोंडावर घेऊन पाठ फिरवली. माझा काय वास येतो?

ह्यांना म्हटलं, बघितलंत?

"वहिनी वाळल्यात फार," हे म्हणाले.

"मग जाऊन विचारा."

"तू विचार."

मी कशाला विचारू. तिने बोलणं टाकलंय, मी नाही. हा माणूस जगाची कुलपं उघडतो, स्वतःचं तोंड तेवढं उघडत नाही.

२० जानेवारी, शनिवार

बाजारातल्या चिठ्ठ्या काढल्या. चिठ्ठ्या आल्या की सगळ्यांना आपली दुखणी माझ्यापाशीच का उगाळायची असतात कळत नाही. अंडीवाली सकाळपासून तीनदा येऊन गेली. "गुडघा असा धरलाय बघा, दरवाजापासून आत यायचं म्हणजे जीव जातो." सुताराने पाठीचं सांगितलं. मी काय हाडांची डॉक्टर आहे?

आता वहीत लिहायला हरकत नाही. ज्याला खरंच गरज आहे त्याची चिठ्ठी मी जास्त घट्ट दुमडते, वर नख फिरवते. सुईदोऱ्याची बोटं आहेत, डब्यात हात घातला की कळतं. ही गोष्ट आजपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नाही. ह्यांनासुद्धा नाही.

अंडीवालीला दरवाजाजवळची जागा निघाली. "काय माझं नशीब तरी," म्हणाली. तिच्या डोळ्यात काहीतरी गेलं असावं, एकच डोळा मिचकावत होती.

२७ जानेवारी, शनिवार

आज गल्ल्यांच्या चिठ्ठ्या. बाजार भरून माणसं आली होती. डॉक्टरिणीने आठ कागद कापून दिले, प्रत्येकावर गल्लीचं नाव. म्हणाली, तुमच्या पद्धतीने काढा. पहिल्या चार निघतील त्या यंदाच्या.

माझ्या पद्धतीने म्हणाली, तशाच काढल्या.

पहिली पाण्याच्या टाकीची गल्ली निघाली. दुसरी छापखान्याची. मग सुतारांची, मग शाळेमागची. जिन्याच्या गल्लीतले लोक थोडे कुरकुरले, पण माझ्या हाताने निघाल्यावर पुढे बोलले नाहीत.

आज बरं वाटतंय. तिला विचारायला नको, समजवायला नको. मशीन आपणहून तिच्या दारात जाईल, फोटो काढेल, काय असेल ते कळेल. मी मध्ये कुठे नाही. हे जेवताना म्हणाले, "बरी निघाली गल्ली." मी म्हटलं, नशीब. ते भात कालवत हसत होते. ह्यांना हसायला काही कारण लागत नाही.

३० जानेवारी, मंगळवार

जाऊ गठ्ठा घेऊन आली. अंडीवाली आता दरवाजाजवळ बसते, म्हणजे माझ्या गाळ्यापासून लांब, तरी ही मुद्दाम आत आली. माझ्यासमोरच्या खांबापाशी उभी राहिली. पदर तोंडावर होताच. माझ्या डब्याकडे बघून घेतलं. मग गेली. मागाहून अंडीवालीने निरोप दिला, "थोरली म्हणाली, धाकटीला सांग, डबा अजून छान धरते."

यात टोमणा कुठे आहे ते सापडलं नाही.

१ फेब्रुवारी, गुरुवार

आज डोक्याचा भुगा झाला.

बैठकीत मी सहज विचारलं की एवढी शिकलेली माणसं तुम्ही, मग चिठ्ठ्या कशाला टाकता? जिथे जास्त आजारी, तिथे आधी जावं ना. खडा टाकून बघितला, एवढंच.

डॉक्टरिणीने न्हाव्याचा टॉवेल उचलला. "समजा, नवा साबण आलाय. तो जुन्यापेक्षा चांगला आहे का, हे बघायचंय. एक कपडा नव्याने धुतला, एक जुन्याने. पण नव्या साबणाला तुम्ही मुद्दाम सगळ्यात मळका कपडा दिलात. मग काय दिसेल?"

"नवा साबण कुचकामी दिसेल," न्हावी म्हणाला.

"साबण चांगला असूनही. आणि आपण तसं लिहून दिलं की बाकीच्या ठिकाणी हे मशीन कुणी पाठवणारच नाही. म्हणतील, करून बघितलं, काही फरक पडला नाही. म्हणून हात आंधळा हवा. कुठला कपडा कुठल्या साबणाला, हे आपण ठरवायचं नाही."

छापखान्याच्या गल्लीत खोल्यांना खिडक्या नाहीत. कागदाची धूळ. तिथली माणसं या ना त्या कारणाने खोकतातच. सगळ्यात मळका कपडा तोच.

गाळ्यावर आल्यावर एका गिऱ्हाइकाच्या काळ्या पँटला लाल चेन लावली.

४ फेब्रुवारी, रविवार

तीन दिवस स्वतःशी भांडून आज दवाखान्यात गेले. रविवारी पेशंटची रांग नसते, डॉक्टरीण एकटीच डबा खात होती. मी बसले नाही. म्हटलं, "छापखान्याची चिठ्ठी मी ओळखून काढली. घट्ट दुमडली होती. तुमचा साबण मी बिघडवला."

तिने घास खाली ठेवला. ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं, मला त्याला उत्तर देता येतं. तिने विचारलं, "त्या गल्लीत कोण आहे?"

"कुणी नाही."

तिने डब्याचं झाकण लावलं.

"जाऊ आहे," मी म्हटलं. "पण त्याचा काही संबंध नाही."

"खोकतात का त्या?"

"खोकते. वाळलीय. संध्याकाळचं अंग तापत असणार, तोंडावरून दिसतं."

"मग त्यांना मशीनची वाट बघायची गरजच नाही. त्यांना उद्याच घेऊन या."

"मी?"

"मग कोण?"

हे तिला कसं सांगणार. मी विषय बदलला, म्हटलं चिठ्ठ्यांचं काय. ती म्हणाली, मशीन अजून कुठल्याच गल्लीत गेलेलं नाही, तुम्ही वेळेत बोललात. चिठ्ठ्या पुन्हा काढू. सगळ्यांच्या देखत. आणि का काढतोय तेही सांगायला लागेल.

"माझं नाव सांगा, मी काही घाबरत नाही."

"मी नाही. तुम्हीच सांगा."

हाडाने काडी आहे, पण मोडत नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

सगळं सांगितलं. खोक्यावर चढून नाही, खालीच उभं राहून. म्हटलं, गेल्या खेपेस मी एक चिठ्ठी ओळखून काढली, ते चुकीचं होतं, आज पुन्हा काढायची आहे. आणि सांगतेच आहे तर हेही ऐका, बाजारातल्या चिठ्ठ्यासुद्धा मी कधीकधी ओळखून काढते.

वाटलं, आता अंगावर येतील. तर अंडीवाली म्हणाली, "मग?"

"मग म्हणजे? फसवलं मी तुम्हाला."

न्हाव्याला हसू आवरेना. "अगं, चिठ्ठ्या निघायच्या आधी अख्खा बाजार तुझ्यापाशी येऊन कण्हतो, ते काय तुझा चेहरा बघायला?"

"मी माझ्या पाठीचं तुला दोनदा सांगितलं होतं," सुतार म्हणाला. "तरी गटाराजवळ टाकलंस. म्हटलं, हिला ढोंग कळलं."

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं म्हणून तर डबा तुझ्याकडे," अंडीवाली म्हणाली. "आता खरंच डोळे मिटून काढायला लागलीस तर माझ्या गुडघ्याने कुठे जायचं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे एका चावीला कानस मारत होते, मान खाली. खांदे हलत होते.

इतकी वर्षं मी सगळ्यांना बनवतेय असं समजत होते. घरी जावंसं वाटलं. पण डॉक्टरीण पुढे आली. म्हणाली, बाजारात यांचंच बरोबर आहे, कुणाला काय दुखतं हे इथे सगळ्यांना माहीत असतं. माझी अडचण वेगळी आहे. या मशीनचा उपयोग होतो की नाही हे मला माहीतच नाही. ज्याला उत्तर माहीत नाही त्याने हात आंधळा ठेवावा लागतो. तिने साबणाचंही सांगितलं. सुतारांच्या गल्लीतले लोक ऐकेनात, आमची एकदा निघाली होती, आता ती गेली तर? त्यावर बराच वाद झाला. शेवटी न्हावी म्हणाला, "खोट्या डावात जिंकलेलं धरून बसायचं असेल तर बसा," तेव्हा गप्प झाले.

या वेळी कागद नकोच, असं मी सांगितलं. एकाच पाकिटातली आठ बटणं दिली, एकाच मापाची, पाठीमागे शाईने गल्ल्यांचे आकडे घातलेली. कोपरापर्यंत हात जाईल अशी जाड कापडाची पिशवी काल शिवली होती. माझ्या बोटांनाही त्यातलं काही कळलं नसतं. काढायला न्हाव्याला बसवलं. तो वर छताकडे बघत काढत होता.

टाकी. जिना. सुतार. विहीर.

छापखाना पुढच्या वर्षी.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. अंडीवाली माझ्याकडे बघत होती, तिला म्हटलं, तुझी अंडी सांभाळ.

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळी भांडी घासता घासता उठले आणि गेले. हात पुसले तेवढेच. जास्त विचार केला असता तर पाय मागे फिरले असते.

दार उघडं होतं. ती जमिनीवर रद्दीत बसलेली, खळीचं भांडं पुढ्यात. मला बघून पदर तोंडावर घेतला.

"घ्या, घ्या पदर," मी म्हटलं. "माझं थोबाड बघवत नसेल तर भिंतीकडे तोंड करून बसा, पण ऐका. उद्या दवाखान्यात यायचंय माझ्याबरोबर."

"दारातून बोल. आत येऊ नकोस."

"का? आत काय पुरून ठेवलंय?"

"सांगितलं ना, तिथेच थांब." मग खोकला आला. संपेपर्यंत मी उंबऱ्यात उभी. संपल्यावर म्हणाली, "काल सगळ्यांसमोर परत घेतलीस म्हणे."

"काय?"

"माझी चिठ्ठी." पिशवीची कड दाबत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "मला वाटलं होतं, धाकटीने काढली माझ्यासाठी. बोलत नाही, पण काढली. चार दिवस बरं वाटलं जिवाला. मग काल बाजारात उभी राहून सांगितलंस, चूक झाली म्हणून."

मला हे डोक्यातच आलं नव्हतं.

"चूक चिठ्ठी ओळखून काढण्याची होती," मी म्हटलं. "तुमच्यासाठी काढली ती नव्हे."

"एकच ते."

"एकच कसं? चिठ्ठी काढली म्हणजे मला इथे यायला लागणार नव्हतं. मशीन आलं असतं, मी घरात बसून राहिले असते. आता मशीन नाही, म्हणून मी आलेय. काय पाहिजे तुम्हाला, मशीन की मी?"

"मशीन निदान ओरडलं नसतं."

"मग पुढच्या वर्षापर्यंत बसा त्याची वाट बघत."

ती हसली. हसताना पुन्हा खोकली. मग म्हणाली, "टीबी निघाला तर पिशव्या कोण घेईल माझ्या?"

"अंडीवाली घेईल. तिला मी बघते. औषध सुरू झालं की काही दिवसांतच दुसऱ्याला लागत नाही, डॉक्टरिणीने सांगितलंय. सहा महिन्यांत माणूस ठणठणीत."

"आणि भांडी?"

"कुठली भांडी?"

"चार लोकांत मोजलीस ती."

"बरोबर भरली होती," मी म्हटलं.

तिने खळीचं भांडं झाकलं. "उद्या नको. उद्या गठ्ठा पुरा करायचाय. परवा ये."

१३ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यात फोटो झाला. मग नर्सने डबी दिली, बेडका द्या म्हणाली. बाईसाहेब गेल्या आणि पाहुण्याला पाणी द्यावं तशी स्वच्छ, पांढरी थुंकी घेऊन आल्या. चूळ भरून, वर रुमालाने डबी पुसून.

नर्स म्हणाली, "मावशी, ही नुसती लाळ आहे. छातीतून खोल खोकून काढा."

"असलं घाण कुणाच्या हातात देऊ?" जाऊ मला कुजबुजली. "ती बिचारी उघडून बघणार."

"तिला तेच बघायचंय. चला."

दवाखान्यामागे उघड्यावर भिंत आहे, तिथे नेली. तर येणारी-जाणारी बघतात म्हणून हिला खोकता येईना. मग मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि पदर दोन्ही हातांनी पसरून आडोसा धरला. दोन माणसं वळून बघायला लागली. मी म्हटलं, "काय, तुम्हालाही द्यायचाय?" गेली.

मागे ती खोकत होती. आतून, मुळापासून. ऐकवत नव्हतं. हात भरून आले तरी मी पदर खाली केला नाही.

"झालं," ती म्हणाली. "आता मिळाला चांगला." एखादा पदार्थ जमल्यासारखं म्हणाली.

डॉक्टरिणीला मी सगळं सांगितलं. म्हटलं, आडोशाची सोय करा आधी, बायका अशा उघड्यावर खोकणार नाहीत, सगळ्या लाळच देतील. तिने मान डोलावली. सुताराला विचारते म्हणाली.

१९ फेब्रुवारी, सोमवार

टीबीच आहे. साधा, औषधाला बधणारा. डॉक्टरिणीने मला आणि जाऊला दोघींना समोर बसवून सांगितलं. सहा महिने रोज गोळ्या, एकही चुकवायची नाही. आमचीही तपासणी करायला सांगितली, ह्यांची पण.

जाऊ घाबरेल असं मला वाटलं होतं. तिने पहिलं विचारलं ते, "भावजींची छाती नीट बघा हो, लहानपणापासून कमजोर आहे. आणि हिची. मी लांबूनच वागते कधीची, तरी बघा."

लांबून वागते म्हणे. आपला ताठा कशाच्या नावावर खपवावा हे कुणी तिच्याकडून शिकावं. मी आजारी माणसाशी वाद घातला नाही.

गोळ्या घेतल्या की नाही हे बघायला एक माणूस लागतो, ते नाव द्यायचं होतं. नर्सने विचारलं, कुणाचं लिहू?

"हिचं नको," जाऊ म्हणाली. "ही ओरडते."

"मग?"

जाऊने गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकलं. "लिही तिचंच. दुसरं कोण आहे सकाळी सकाळी ओरडायला."

२४ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या दोघांच्या छात्या स्वच्छ निघाल्या. ह्यांनी फोटो उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, कुलपाच्या आतल्यासारखं दिसतं.

रोज सकाळी जाऊकडे जाते. ती खोलीच्या दाराबाहेर बसून गोळ्या गिळते, मी समोर उभी. गोळ्यांनी मळमळतं, त्याचा राग माझ्यावर. आज म्हणाली, तुझं तोंड बघूनच ओकारी येते, गोळ्यांचा दोष नाही. मी म्हटलं, गिळा.

लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, आठवडाभर गाऱ्हाणं नाही. बरी आहेस ना?"

९ मार्च, शनिवार

नर्सने जाऊला बाहेर पडायची परवानगी दिली. आता ती सकाळी माझ्या गाळ्यावर येते, गोळ्या घेते आणि नको म्हटलं तरी मागच्या स्टुलावर बसून काजं करत बसते. खोकला उतरलाय. दंडावर अजून मांस नाही, पण भूक लागायला लागलीय. ह्यांच्या डब्यातलं खाते. हे आता डबा मोठा नेतात.

दवाखान्यामागे सुताराने लाकडी आडोसा करून दिला. बायका तिकडे जातात. अंडीवालीने पिशव्या बंद केल्या नाहीत. मला तिच्याशी बोलायलाही लागलं नाही, मी तयारीत होते ती फुकट गेली.

दुपारी डॉक्टरीण आली. तिच्या बॅगेची चेन गेली होती. मी चेन बदलत होते, ती गाळ्याच्या कडेला टेकून फॉर्म भरत होती. बरेच दिवस मनात होतं ते मी विचारलं. "हिची गल्ली पुढच्या वर्षीची. आणि मी हिला यंदाच ओढून आणली. म्हणजे तुझा साबण मी परत बिघडवला का?"

"नाही हो. दवाखाना सगळ्यांचा आहे. मशीन गेलं नाही तिथे माणसं कशी येतात, किती उशिरा येतात, हेच तर आम्हाला बघायचंय. त्यांची नोंद झाली बघा."

"काय लिहिलंयस?"

तिने फॉर्म माझ्याकडे वळवला. मी अक्षर लावून लावून वाचलं. रुग्ण कसा आला: स्वतः, आरोग्यसेविकेने आणले, इतर. खूण 'इतर'वर होती.

मी कात्री खाली ठेवली. "इतर? मी हिच्याबरोबर एका चुलीवर जन्म काढला. हिची बोलणी खाल्ली. भर रस्त्यात पदर पसरून उभी राहिले. आणि मी इतर?"

"छापील आहे ना ते. त्यात तशी जागा नाही."

"मग मंडळ कशाला केलंयस? कर जागा."

"कर बाई," मागून जाऊ म्हणाली. "नाहीतर आज तुझी चेन काही मिळत नाही."

डॉक्टरीण हसली. पुढच्या खेपेचे फॉर्म बदलून घेते म्हणाली. आणि याच्यावर 'इतर'च्या बाजूला, कडेच्या कोऱ्या जागेत तिने लिहिलं, जाऊ.

जाऊने काजाची सुई दातात धरून मान लांब केली आणि वाचलं. "धाकटी," ती म्हणाली. "पुढे धाकटी लिही. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, मीच हिला आणली."

तिने लिहिलं.